सेकंडहँड डिझेल गाडीचा डीपीएफ चोक झालाय? मुंबईत चालवणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सगळं

डॅशबोर्डवर सायलेन्सरसारखं चित्र आणि त्यात बारीक ठिपके असा डीपीएफचा (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नारिंगी दिवा पेटला असेल तर घाबरून गाडी तिथल्या तिथे बंद करू नका, आणि "जाईल आपोआप" म्हणून महिनाभर तशीच चालवू पण नका. या दोन्हीच्या मधे करण्यासारखं बरंच काही आहे आणि त्यातलं अर्धं तर फुकट आहे. खूप लोकांना पहिल्याच गॅरेजमध्ये "फिल्टर गेला, नवीन टाकावा लागेल" असं ऐकायला मिळतं, आकडा ऐकून माणूस हादरतो आणि मग दुसरा कोणीतरी "काढून टाकू, सॉफ्टवेअर मारू, टेन्शन संपलं" सांगतो आणि लोक हो म्हणून मोकळे होतात. मला मनापासून सांगायचंय ते एवढंच की डीपीएफ स्वतःहून क्वचितच बिघडतो, तो भरतो तो दुसऱ्या कशामुळे तरी, आणि ते दुसरं सापडल्याशिवाय त्याच्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

हा फिल्टर नक्की करतो काय

भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ हे गाडीच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या डिझेल कारमध्ये डीपीएफ असतोच असं धरून चाला. इंजिनातून येणारा धूर ज्या पाइपने जातो त्यात टर्बोच्या पुढे हा डबा बसवलेला असतो. आत सिरॅमिकची जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक चौकोनी नळ्यांची, आणि त्यातली एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद अशी रचना असते. म्हणजे धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी मागे भिंतीवर राहते.

ही काजळी साठली की ती जाळावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात, गॅरेजवाले नुसतं रीजन म्हणतात. हायवेवर गाडी नीट तापलेली असते तेव्हा थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते, साधारण २५० ते ४०० डिग्रीला. ते पुरेसं झालं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः रीजन सुरू करतो, म्हणजे सिलेंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतो, ते एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं आणि फिल्टरचं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेतं. काजळीचा कार्बन डायऑक्साइड होतो, फिल्टर मोकळा.

पण एक गोष्ट जळत नाही, ती म्हणजे राख. ही राख येते मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम असल्या अॅडिटिव्हमधून. कोळशाची शेगडी जशी, कोळसा जळून जातो पण राख खाली उरते आणि ती कधीतरी हाताने काढावीच लागते, तसंच. म्हणून फिल्टर भरलाय असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, काजळीने की राखेने? काजळी असेल तर जाळता येते. राख असेल तर डबा खोलून साफ करणं किंवा बदलणं एवढंच उरतं. नीट ऑइल वापरलेल्या गाडीत राखेचा प्रश्न साधारण दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे येतो, त्यामुळे साठ-सत्तर हजार चाललेल्या गाडीला कोणी थेट नवीन फिल्टर सांगत असेल तर थांबा आणि पुढचं वाचा.

मुंबईतच एवढा त्रास का

कारण आपलं ड्रायव्हिंग. चेंबूरहून बीकेसी, गोरेगावहून अंधेरी, सकाळी मुलांना शाळेत सोडून परत. इंजिन गरम होतंय न होतंय तोवर पार्किंग येतं. कॉम्प्युटरने रीजन सुरू केलं तरी ते पूर्ण व्हायला सलग दहा ते वीस मिनिटं चालतं इंजिन लागतं, शक्यतो बऱ्यापैकी स्पीडला, आणि एलबीएस रोडवर किंवा जेव्हीएलआरवर संध्याकाळी ते कुठून मिळणार. मग रीजन अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं, परत अर्धवट. प्रत्येक वेळी ते उशिरा मारलेलं डिझेल थोडं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल वाढते. ही ऑइल वाढण्याची गोष्ट नवीन लोकांना माहीतच नसते, उलट "ऑइल कमी होत नाही, मस्त गाडी आहे" असं वाटतं.

म्हणून पहिली सवय ही लावा की रीजन चालू आहे हे ओळखायला शिका. आयडलवर आरपीएम नेहमीपेक्षा थोडे जास्त दिसतात, ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर सिग्नलला इंजिन बंद होत नाही, स्क्रीनवरचा चालू अॅव्हरेज अचानक पडतो, एक्झॉस्टचा आवाज जरा जड होतो, जळका उग्र वास येतो, आणि गाडी बंद केली तरी रेडिएटरचा फॅन जोरात फिरत राहतो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हा फॅन ऐकून वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात गाडी ओव्हरहीट झालीये. टेंपरेचरचा काटा जागेवर असेल तर बहुतेक वेळा गाडी तापलेली नसते, तुम्ही रीजन मधेच तोडलेलं असतं. असं दिसलं आणि हातात वेळ असेल तर एक मोठी चक्कर मारून या, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे जवळ असेल तर मुलुंडपर्यंत जाऊन या, पण ते पूर्ण होऊ द्या.

पायरी १: दिवा कुठला आहे आणि सोबत काय आहे

नुसता नारिंगी डीपीएफचा दिवा, गाडी नेहमीसारखी पळतेय, पिकअप ठीक: याचा अर्थ फिल्टर भरत आलाय, मला जाळायला रस्ता दे. ही सगळ्यात सोपी अवस्था.

डीपीएफचा दिवा अधिक चेक इंजिनचा दिवा, किंवा काही गाड्यांत ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारा तापणारा प्लग) स्प्रिंगसारखं चित्र ब्लिंक होतंय: आता नुसत्या हायवेने काम होईलच असं नाही, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावा.

पिकअप गेलाय, आरपीएम ठरावीक आकड्यावर अडकतात, गाडी चढ घेत नाही: हा लिम्प मोड, गाडी स्वतःला वाचवतेय. अशा अवस्थेत हायवेला नेऊन दाबायची नाही. डावीकडून सावकाश जवळच्या गॅरेजला न्या किंवा टो करा. अटल सेतूवर किंवा फ्रीवेवर तर अजिबात नेऊ नका, तिथे बंद पडली तर मागून येणाऱ्या गाड्यांचा स्पीड बघता जिवाशी खेळ होतो.

आणि दिवा लाल असेल किंवा ऑइल प्रेशरचा दिवा असेल तर गाडी थांबवा, बाकी काही नाही.

मॅन्युअल काढून तुमच्या गाडीत कुठला दिवा म्हणजे काय ते पाच मिनिटं वाचा. सेकंडहँड गाडीसोबत मॅन्युअल आलं नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक मॉडेलचं मिळतं.

पायरी २: नुसता नारिंगी दिवा असेल तर रस्त्यावर न्या

निघायच्या आधी तीन गोष्टी. डिझेल पाव टाकीच्या वर हवं, कारण रिझर्व्हच्या जवळ असताना बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत. ऑइलची लेव्हल डिपस्टिकने बघा, मॅक्सच्या खुणेच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला मग निघा, कारण खूप वर गेलेलं ऑइल इंजिनात ओढलं जाऊन इंजिन आपोआप रेस होऊ शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, हे खरंच धोकादायक आहे. तिसरं, चेक इंजिनचा दिवा नाही ना ते बघा.

वेळ रविवारची पहाट. सहाच्या आत बाहेर पडलात तर मुंबईतून पण रस्ता मिळतो. दादर-चेंबूर-कुर्ला साइडच्या लोकांना सोपं म्हणजे सायन-पनवेल हायवेने कळंबोली आणि तिथून एक्स्प्रेसवे, खोपोलीपर्यंत बऱ्यापैकी सपाट आहे, घाट चढायची गरज नाही, खालूनच परत फिरा. अटल सेतू पण चांगला, शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटर, मधे एक सिग्नल नाही, कारला १०० ची मर्यादा, फक्त टोल आहे आणि मधे थांबता येत नाही. ठाणेकरांना नाशिक हायवे आहे पण भिवंडी बायपासला अडकलात की सगळी मेहनत वाया, म्हणून तिथे तर उजाडायच्या आतच. बोरिवली-दहिसरवाल्यांना एनएच ४८ ने मनोरच्या दिशेला, घोडबंदरच्या फाट्याला ट्रॅफिक नाही ना ते आधी मॅपवर बघून. मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे त्यामुळे बाहेर पडायचा तो खर्च पण नाही.

चालवायचं कसं, तर यात रेस लावायची नाहीये. कूलंट पूर्ण गरम होऊ द्या, मग एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएमला स्थिर चालवा. ७०-८० च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये हे आरामात जमतं, स्पीड लिमिट तोडायची काहीच गरज नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका. क्रूझ कंट्रोल असेल तर लावा. वीस ते तीस मिनिटं असं चालवलं की दिवा जायला हवा. मधून मधून अॅक्सिलरेटर सोडून परत दाबायचं वगैरे जे सांगतात त्यापेक्षा स्थिर चालवणं जास्त कामाचं. पोहोचल्यावर लगेच बंद करू नका, टर्बो आणि फिल्टर दोन्ही प्रचंड तापलेले असतात, दोन मिनिटं आयडलवर ठेवा, आणि सुक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर अजिबात पार्क करू नका.

दिवा गेला आणि महिनोन्महिने आला नाही तर विषय संपला. आठवड्याभरात परत आला तर पुढच्या पायरीवर या, परत परत हायवेला नेऊन उपयोग नाही.

पायरी ३: स्कॅनर लावून आकडे बघा

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं, सोळा पिनचं सॉकेट असतं, त्यात लावायचं ब्लूटूथवालं अडॅप्टर ऑनलाइन किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतं. फुकटच्या साध्या अॅपमध्ये डीपीएफचे आकडे बऱ्याचदा दिसत नाहीत, तुमच्या कंपनीच्या गाडीसाठी बनवलेलं अॅप शोधा. जमत नसेल तर चांगला स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये फक्त स्कॅनिंगचे पैसे देऊन करून घ्या आणि स्क्रीनचे फोटो काढा. "कोड काय आलाय" एवढंच विचारून निघून येऊ नका.

कोड साधारण असे दिसतात. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त साठलीये. पी२४२एफ म्हणजे राख साठलीये असं कॉम्प्युटरचं म्हणणं. पी२००२ म्हणजे फिल्टर नीट काम करत नाहीये, तो फुटलेला किंवा काढलेला पण असू शकतो. पी२४५२ ते पी२४५५ हे प्रेशर सेन्सरचे कोड, म्हणजे तक्रार फिल्टरची नसून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सेन्सरची किंवा त्याच्या वायरिंगची आहे.

आता हा सेन्सर नीट समजून घ्या. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन जागांहून दोन बारीक पाइप त्याच्याकडे जातात आणि तो दोन्हीकडच्या प्रेशरमधला फरक मोजतो. फरक जास्त म्हणजे फिल्टर भरलेला. तर पहिली टेस्ट अशी: चावी ऑन, इंजिन बंद. या वेळी धूरच नाही त्यामुळे फरक शून्य किंवा अगदी शून्याच्या जवळ दिसायला हवा. काही भलताच आकडा दिसत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि त्या आकड्यावर कोणी फिल्टर बदलायला सांगत असेल तर तो अंदाजाने सांगतोय. मग इंजिन गरम करून आयडलला बघा आणि २५०० आरपीएमला बघा. मोकळ्या फिल्टरमध्ये आयडलला आकडा लहान असतो आणि रेस केल्यावर वाढून परत खाली येतो. आयडललाच मोठा असेल आणि रेस केल्यावर झरझर चढत असेल तर फिल्टर खरंच भरलाय.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या गाडीला एका गॅरेजने नवीन फिल्टरचं एस्टिमेट दिलं होतं, काका गाडी विकायच्याच विचारात होते. आम्ही बॉनेट उघडून टॉर्च मारून त्या दोन पाइपवरून नुसतं बोट फिरवत गेलो तर त्यातला एक सेन्सरच्या जोडाजवळ उष्णतेने कडक होऊन चिरला होता, वाकवला की फट उघडायची आणि आजूबाजूला काळा डाग पडलेला. चिरलेला तुकडा कापून तिथे उष्णता सहन करणारा नवीन पाइप आणि क्लिप लावली, कोड क्लिअर केला, गाडी खोपोलीपर्यंत नेऊन आणली. फिल्टर तोच आहे अजून. पाइप बघायला स्कॅनर पण लागत नाही, फक्त इंजिन पूर्ण थंड असू दे, हात भाजतो.

अजून दोन आकडे टिपून ठेवा: शेवटचं रीजन होऊन किती किलोमीटर झाले, आणि दोन रीजनमधलं सरासरी अंतर. काही शे किलोमीटर असेल तर ठीक. शंभरच्या आत दर वेळी रीजन मागत असेल तर काजळी जास्त तयार होतेय नाहीतर रीजन पूर्ण होत नाहीये.

पायरी ४: फिल्टर कशामुळे भरला, ते शोधा

थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारी झडप) उघडाच अडकलेला असेल तर इंजिन पुरेसं गरमच होत नाही आणि कॉम्प्युटर रीजनला परवानगी देत नाही. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा, अर्धा तास चालवून पण ७०-७५ च्या वर जात नसेल तर हेच. सुटा पार्ट फार महाग नसतो आणि याच्यामुळे हजारो रुपयांची क्लीनिंग वाया गेलेली मी बघितलीये.

टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) जाणारा जाड रबरी पाइप फाटलेला किंवा सुटलेला असेल तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी भसाभस तयार होते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज, पाइपच्या जोडाला ऑइलचा ओलावा, ही खूण. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकून उघडा राहिला तरी तोच परिणाम. इंजेक्टर टपकत असतील तर काजळी पण वाढते आणि ऑइलमध्ये डिझेल पण जातं. टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिन ऑइलच एक्झॉस्टमध्ये जळतं, मग काजळीसोबत राख पण वाढते. एक्झॉस्टचा तापमानाचा सेन्सर गेला असेल तर कॉम्प्युटर रीजन करतच नाही कारण त्याला किती तापलंय तेच कळत नाही, आणि काही गाड्यांत तर ग्लो प्लगचा कोड असला तरी रीजन अडतं. एअर फिल्टर किती दिवस बदलला नाही ते पण बघा, मुंबईत आजूबाजूला एवढं बांधकाम आणि खोदकाम चालू असतं की मॅन्युअलमधल्या अंतराच्या आधीच तो भरतो.

पावसाळ्यात आपल्याकडे अजून एक प्रकार होतो, उंदीर. बॉनेटखाली कोरडी उबदार जागा मिळते, ते येऊन बसतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. जुलै-ऑगस्टमध्ये अचानक प्रेशर सेन्सरचा किंवा टेंपरेचर सेन्सरचा कोड आला तर पार्ट मागवायच्या आधी वायरिंग बघा. आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढू नका, अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, कुठेही. इंजिनात पाणी जाणं हा मोठा धोका आहेच, पण आतली सिरॅमिक जाळी लाल तापलेली असताना बाहेरून एकदम पाणी लागणं तिला पण चांगलं नाही.

पायरी ५: आता गॅरेज, आणि कशाला हो म्हणायचं

कारण सापडलं, दुरुस्त झालं, की मग काजळी काढायची. पहिला पर्याय स्कॅनरने फोर्स्ड रीजन. गाडी उभी करून स्कॅनरवरून आज्ञा देतात, आरपीएम आपोआप वाढतात आणि वीस-तीस मिनिटं फिल्टर तापतो. हे उघड्या जागेतच करून घ्यायचं. सायलेन्सरमधून प्रचंड गरम हवा येते, मागे भिंत, टायर, कचरा, प्लॅस्टिक काही नको, बाजूला माणूस उभा हवा. बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये कोणी घरी येऊन करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. काजळी एका मर्यादेच्या वर असेल तर कॉम्प्युटर ही आज्ञा घेत नाही आणि ते बरोबरच आहे, एवढी काजळी एकदम पेटली तर आतली जाळी तडकते किंवा वितळते. जबरदस्तीने कोड क्लिअर करून परत परत मारणाऱ्या गॅरेजला थांबवा. आणि फोर्स्ड रीजन झाल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, कारण त्यात डिझेल उतरलेलं असतं.

दुसरा पर्याय डबा काढून क्लीनिंग. भट्टीत तापवून हवा मारून किंवा खास मशीनवर द्रावण आणि पाणी फिरवून, दोन्ही पद्धती चालतात, राख पण यातच निघते. विचारायचं एकच, आधीचा आणि नंतरचा प्रेशरचा किंवा फ्लोचा रिपोर्ट देणार का. देणार असतील तर करा. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने किंवा अॅसिड ओतून धुणारे पण आहेत, त्यांच्यापासून लांब राहा, आतल्या भिंती आणि त्यावरचा कॅटॅलिस्टचा थर जातो आणि मग खरोखर नवीन घ्यावा लागतो. सेन्सरच्या भोकातून मारायचे फोम आणि टाकीत टाकायचे अॅडिटिव्ह हे थोड्या भरलेल्या फिल्टरला मदत करतात, ठासून भरलेल्याला नाही, आणि राखेवर तर काहीच करत नाहीत. टाकीत पेट्रोल किंवा रॉकेल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, फ्युएल पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातील. अॅडब्लूची (धूर साफ करायला वापरायचं द्रावण) टाकी असलेली गाडी असेल तर अॅडब्लूचा आणि काजळीचा संबंध नाही, ते नायट्रोजन ऑक्साइडसाठी असतं, पण ते संपू देऊ नका.

नवीन फिल्टर शेवटचा पर्याय, जाळी तडकली असेल किंवा वितळली असेल तरच. किंमत गाडीप्रमाणे बरीच बदलते, मोठ्या गाड्यांची लाखाच्या पुढे पण जाते, म्हणून पार्ट नंबर घेऊन दोन ठिकाणी विचारा. साफ केला किंवा बदलला तर कॉम्प्युटरमधला राखेचा आकडा रीसेट करून घ्या, नाहीतर गाडीला वाटत राहतं की जुनाच भरलेला फिल्टर आहे आणि ती सारखी रीजन करत राहते. साफ केला असेल आणि राख पूर्ण निघालीये याचा रिपोर्ट नसेल तर मात्र रीसेट करू नका.

काढून टाकायचा सल्ला

कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत कुठेही कोणीतरी हे काम करून देईल. करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला दंड आणि कैदेची पण तरतूद आहे. पीयूसीला धूर जास्त निघाला तर अडकाल, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यांना कारण मिळेल, पुढचा खरेदीदार स्कॅनर लावून बघेल तेव्हा भाव पडेल. आणि हे सगळं सोडा, आपल्या मागे स्कूटरवर कोणीतरी पोराला घेऊन उभं असतं, बसस्टॉपवर माणसं असतात, ती काजळी त्यांच्या फुप्फुसात जाते. हिवाळ्यात मुंबईची हवा काय होते ते आपण सगळे बघतोय. थर्मोस्टॅट नाहीतर एका पाइपवर भागत असताना हे करायला मन धजावू नये असं मला खरंच वाटतं.

ऑइल

डीपीएफवाल्या डिझेलला लो-सॅप्स ऑइलच लागतं, म्हणजे ज्यात राख करणारे पदार्थ कमी. डब्याच्या मागे एसीईए (ऑइलचं युरोपियन मानक) सी२, सी३ किंवा तुमच्या कंपनीचं जे स्पेसिफिकेशन मॅन्युअलमध्ये दिलंय ते छापलेलं असलं पाहिजे. नुसतं ५डब्ल्यू-३० जुळलं म्हणून घेऊ नका, तो फक्त जाडीचा आकडा आहे, राखेबद्दल त्यात काहीच कळत नाही. गॅरेजमध्ये ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका, सील डबा समोर उघडायला सांगा. आणि रोजचं रनिंग छोटं असेल तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला, दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढून लेव्हल बघा आणि वास घ्या. लेव्हल वर चढतेय आणि डिझेलचा वास येतोय म्हणजे रीजन अर्धवट राहतायत, दिवा पेटायच्या आधीच तुम्हाला कळलं.

अजून गाडी घेतली नसेल तर

मग हे सगळं घेण्याआधीच बघा. पांढरा रुमाल किंवा टिश्यू घ्या, थंड सायलेन्सरच्या तोंडाच्या आत बोट घालून पुसा. चांगल्या डीपीएफच्या गाडीत टिश्यूवर हलकी राखाडी धूळ येते, कधी कधी जवळपास काहीच नाही. काळीकुट्ट मऊ काजळी बोटाला चिकटली तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटून इंजिन सुरू झाल्यावर जातो ना ते बघा, पेटतच नसेल तर कोणीतरी तो बंद केलाय. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी) बघा, बरेचसे अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच क्लिअर केलेत, त्या गाडीला दोन-चार दिवस चालवून परत स्कॅन करायची अट घाला. ऑइलची लेव्हल बघा. सर्व्हिसच्या बिलांवर कुठलं ऑइल टाकलंय ते वाचा. आणि आधीच्या मालकाला विचारा रोज कुठून कुठे जायचात. पुण्याला येऊन-जाऊन चालवलेली एक लाखाची गाडी ही दादर-परळ फिरलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा डीपीएफच्या बाबतीत बऱ्याचदा चांगली निघते.

हाच प्रश्न स्वतःला पण विचारा. रोजचं दहा-बारा किलोमीटरच्या आतलं असेल आणि महिन्यातून एकदाही हायवेला जाणं होत नसेल तर डिझेलचा हट्ट सोडून त्याच बजेटमध्ये पेट्रोल किंवा सीएनजी बघा. महिन्यातून दोनदा तरी गावाला, लोणावळ्याला, नाशिकला जाणं होत असेल तर बिनधास्त डिझेल घ्या, फक्त टिश्यू आणि स्कॅनर सोबत घेऊन जा आणि विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर टोकन देऊ नका.